कोरं रक्त

केतकी मगदूमनं करंगळी सुईवर दाबली, रक्ताचा थेंब वर आला तसा तो पत्त्यावर टेकवला, आणि पत्त्यांचे डाव चालायचे ते मिरजेचं सगळं पटघर गप्प झालं. पत्ता आधी काळाच राहिला. मग कडेनं निळा उजेड फुटला, हळूहळू आत सरकला, आणि मधल्या नागाचे पाचही फणे दिसायला लागले. समोर बसलेल्या इस्लामपूरच्या खेळाडूनं स्वतःच्या हातातले पत्ते पालथे घातले आणि खुर्ची मागं सारली. डाव संपला होता.

"पोटातलं बी खेळतंय काय ओ वैनी?" मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. केतकीला सातवा महिना लागला होता. ती मात्र हसली नाही. नागाचा शेवटचा फणा जरा उशिरा उजळला होता, ते तिनं पाहिलं होतं, आणि कोपऱ्यात पत्त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या नवऱ्यानंही पाहिलं होतं. विश्वजीतला तेवढं पाहणं हे एकच काम उरलं होतं.

आता हा रक्ताचा काय प्रकार, ते सांगायला हवं. ज्यांच्या लहानपणी पत्ते कागदाचे होते अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांना हे बघून मळमळतं. त्यांचंही बरोबरच आहे. पण कागदाचा खेळ फार स्वस्त होता असं कुणी सांगत असेल तर ती थाप आहे. चांगला पत्ता दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून महाग, आणि ज्याच्याकडे महाग पत्ते तो जिंकणार, हे तेव्हाही ठरलेलंच होतं. बाकीच्यांनी अक्कल पाजळायची आणि हरायचं. फक्त कागदाला एक पळवाट होती. तो उसना मिळायचा. चार मित्र मिळून एक संच घ्यायचे आणि आळीपाळीनं खेळायचे. ज्याला तेही जमायचं नाही तो घरी चित्र छापून सराव करायचा.

वज्रपट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ही पळवाट बुजवली, आणि ती अशी बुजवली की कुणाला चोर म्हणायची सोयच राहिली नाही.

आपल्या शरीरात परका जंतू शिरला की शरीर त्याच्या मापाचे प्रतिपिंड तयार करतं. प्रतिपिंड म्हणजे रक्तातली पहारेकरी रेणूंची फौज. कुलपाला एकच किल्ली लागावी तसा एका जंतूला एकच प्रतिपिंड लागतो. कंपनीनं काय केलं, प्रत्येक पत्त्यासाठी एक प्रथिन बनवलं, निसर्गात कुठेच नसलेलं आणि तसं निरुपद्रवी. ते पत्त्याच्या पृष्ठभागावर पसरलं आणि त्याचीच लस खेळाडूला टोचली. मग त्या खेळाडूच्या रक्तात त्या पत्त्याचे प्रतिपिंड तयार होतात. थेंब टेकवला की ते पत्त्याला चिकटतात आणि पत्ता उजळतो. प्रतिपिंड जास्त तर उजेड जास्त, आणि जेवढा उजेड तेवढं त्या पत्त्याचं डावातलं बळ. याला रक्तपत्ता म्हणतात. नक्कल नाही, उसनवारी नाही. तुमचा पत्ता दुसऱ्याच्या हातात म्हणजे काळी पाटी.

दर हंगामाला नवा संच निघायचा आणि जुना बाद व्हायचा. नवे पत्ते घ्या, नव्या लसी टोचून घ्या. एका माणसाच्या कमाईत एकाचंच भागेना, म्हणून लग्नानंतर विश्वजीतनं खेळ सोडला. मग त्यानं मोटार रिवाइंडिंगचं दुकान विकलं, पुढे केतकीच्या बांगड्या गेल्या. हे वेड म्हणाल तर वेडच. पण तोवर कारखान्यांत माणसाला काम उरलं नव्हतं आणि कचेऱ्यांत तर त्याहून नव्हतं. विभागातल्या पहिल्या आठ खेळाडूंना मात्र कंपनी करार द्यायची. राहायला घर, महिन्याचं मानधन, जन्मभराचं औषधपाणी. केतकीचा करार गेल्या वर्षी एका डावानं हुकला होता. या वर्षी तिला तो हवा होता, आणि आता बाळासाठी हवा होता.

डोहाळजेवण पटघरातच झालं. मालक भूपाल आण्णांनी मेजं बाजूला लावून झोपाळा टांगला, बायकांनी केतकीला शेवंतीच्या वेण्यांनी मढवलं. ओटी भरायला सगळ्यांत मोठ्या म्हणून आण्णांच्या बायको सुमनकाकू पुढे झाल्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी झाली, आणि मग त्यांनी पदराखालून बर्फात ठेवलेली एक छोटी डबी काढून ओटीत घातली.

"हे आमच्या समद्यांकडनं," त्या म्हणाल्या. "वर्गणी काढली. नाही म्हणू नगंस."

डबीत शरभाची लस होती. शरभ हा त्या हंगामातला सगळ्यात दुर्मीळ पत्ता, आणि तो नसल्यामुळेच केतकी अंतिम फेरीत हरेल असं जो तो म्हणत होता. पटघरात येणाऱ्या लोकांनी स्वतःचे एकदोन पत्ते न घेता हे पैसे उभे केले होते. केतकी ओटी तशीच पोटाशी धरून रडली. तिच्या जन्मात इतकं मोठं तिला कुणी काही दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती दोघं तपासणीसाठी डॉ. नसीमा बागवानांकडे गेली. डॉक्टरबाई बाळंतपणं करत नसत. त्यांचा विषय रक्त आणि रोगप्रतिकार, पण गरोदर खेळाडू आली की दवाखान्यातले लोक तिला आधी त्यांच्या खोलीत पाठवायचे. त्यांनी केतकीचा अहवाल वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"लहानपणीच्या लसी घेतल्या होत्यास ना सगळ्या?"

"हो, मॅडम. एकही चुकवली नव्हती आईनं."

"त्यातली एक शिल्लक नाही."

"म्हणजे?" विश्वजीतनं विचारलं.

"बसा दोघं. हाडांच्या आत मगज असतो. प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशी तिथं वस्तीला असतात. वसतिगृह समजा. खोल्या मोजक्याच. लहानपणी गोवराची, धनुर्वाताची, डांग्या खोकल्याची लस दिली, त्या त्या पेशी एकेक खोली धरून बसल्या. साध्या माणसाच्या निम्म्या खोल्या तर रिकाम्याच राहतात. पण तुमच्या पत्त्यांच्या पेशी दांडग्या. उजेड टिकावा म्हणून कंपनीनं मुद्दाम दांडग्या केल्यात त्या. जागा नसली की आधीच्याला सामानासकट बाहेर काढतात. शाळेपासून खेळतेयस तू. किती संच झाले असतील?"

केतकी बोटांवर मोजायला लागली आणि दोन्ही हात संपले.

"पण मला कधी काही झालं नाही, मॅडम," ती म्हणाली.

"तुला होणारही नाही कदाचित. तू मोठी आहेस, खोकला झाला तर चार दिवस खोकशील. प्रश्न बाळाचा आहे. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाची स्वतःची फौज तयार नसते. आईनं शेवटच्या तिमाहीत नाळेतून जे प्रतिपिंड दिले, त्यावर त्याचं भागतं. आणि आई काय देणार? तिच्याकडे असेल तेच. तुझ्याकडे नाग आहेत, गरुड आहेत. डांग्या खोकला नाही."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"आज ही लस घे. अजून वेळ आहे. नवीन लस तात्पुरती का होईना काम करते, दोन-तीन आठवड्यांत प्रतिपिंड वर येतील आणि बाळाला पोचतील. आणि तो शरभ की कोण, तो घेऊ नकोस."

बाहेरची लस. खेळाडू रोगाच्या लसीला असं म्हणतात, आणि हंगामात तिच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. ती घेतली की महिनाभर पत्ते मंदावतात असं पटघरात पक्कं मानलं जायचं. ही अंधश्रद्धा असती तर बरं झालं असतं.

"खरं आहे का ते, मॅडम? मंदावतात?" विश्वजीतनं विचारलं.

डॉक्टरबाईंना खोटं बोलायचा मोह झाला असावा. "मंदावतात," त्या म्हणाल्या. "थोडे."

"थोड्यातच जातो हो डाव," केतकी म्हणाली. "तीन आठवडे राहिलेत. अंतिम फेरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दारात. शप्पथ. करार झाला तर बाळाला जन्मभर काही कमी पडणार नाही, मॅडम. तुम्हीच सांगा, एक लस तीन आठवडे उशिरा घेतली तर असं काय होणार आहे?"

"कदाचित काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी कदाचितवर औषध देत नाही."

केतकीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नको म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. अगदी मनापासून सांगायचं तर त्यानं नको म्हणावं, असं तिला त्या क्षणी वाटतही होतं, म्हणजे मग हरल्यावर दोष द्यायला कुणीतरी असतं. विश्वजीतला दुकान आठवलं, वर्गणी काढणारी माणसं आठवली. "तू ठरव," तो म्हणाला. जगात याहून स्वस्त वाक्य नाही. खर्च सगळा दुसऱ्याच्या माथी. मग दोघं जिना उतरून खाली आली आणि शरभ टोचून घ्यायला गेली.

अंतिम फेरी कोल्हापूरला झाली. शेवटच्या डावात केतकीनं शरभावर थेंब ठेवला तेव्हा पंचांनाही डोळे बारीक करावे लागले, इतका तो उजळला. भूपाल आण्णा टोपी हातात घेऊन ढसाढसा रडत होते. करार झाला. केतकी शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती डॉक्टरबाईंच्या दारात होती आणि तिनं बाहेरची लस घेतली. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता, पण पोटातल्या जिवाला तारखा कुणी सांगाव्यात?

मुलगी झाली. लहानखुरी, पण ठणठणीत. कंपनीनं सांगलीच्या रस्त्याला नवं घर दिलं, तिथं पटघरातली माणसं रोज बघायला यायची. त्या दिवसांत मिरजेत अर्ध्या पटघराला खोकला होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. सुमनकाकूंनाही होता. त्यांनी पदर तोंडाला लावून बाळाला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली, आणि कडाकडा बोटं मोडली.

पंधरा-वीस दिवसांत बाळ खोकायला लागलं. आधी साधं वाटलं. मग ते खोकत राहिलं, श्वास आत घ्यायला वेळच मिळेना, आणि खोकला संपला की पुढचा श्वास यायचाच नाही. ओठ निळे पडायचे. केतकी तिला उलटी धरून पाठ चोळायची आणि श्वास येईपर्यंत स्वतःही श्वास घ्यायची नाही. दोघं तिला घेऊन दवाखान्यात धावली.

"डांग्या खोकलाच हा. जंतू औषधानं मरतील," डॉ. बागवान म्हणाल्या. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. "मरतायतच. पण त्यांनी सोडलेलं विष अंगात फिरतंय. ते शोषून घ्यायला प्रतिपिंड लागतात. तुझी लस उशिराची, तुझ्या रक्तात ते आत्ता कुठे दिसायला लागलेत, आणि तेही नावापुरते. खोल्या भरलेल्या आहेत तुझ्या."

"मग दुसऱ्या कुणाचे द्या ना," विश्वजीत म्हणाला. "माझं रक्त घ्या. मी खेळ सोडून सहा वर्षं झाली."

"सोडल्यानं खोली रिकामी होत नाही, विश्वजीत. आत गेलेला आत राहतो."

"रक्तपेढीत असेल की."

"रक्तपेढीतल्या पिशव्या कुणी दिल्या? याच गावानं. सकाळपासून तेच तपासतेय. सांगलीच्या झाल्या, कोल्हापूरच्या मागवल्या. सगळ्यांत पत्ते. गरुड हवा असेल तर वाट्टेल तेवढा आहे." त्या थांबल्या. "माझंही तपासलं. सगळ्यांत आधी माझंच तपासलं होतं. वैद्यकीयची फी मी पटावरच मिळवली होती."

"म्हणजे कुणाकडेच नाही?" विश्वजीतनं विचारलं.

"आहे. कोरं रक्त म्हणतात त्याला. ज्यांनी एकही पत्ता टोचून घेतला नाही अशा लोकांचं. लसी घेतलेल्या, रोग भोगलेल्या, आणि खेळ कधी परवडलाच नाही अशा लोकांचं. डोंगरातल्या पाड्यांवर आहेत अजून अशी माणसं. त्यांच्या रक्तातून गाळलेले प्रतिपिंड मिळतात, पण ते सगळे वज्रपटनं आधीच विकत घेऊन ठेवलेत. मोठे खेळाडू आजारी पडले तर जगवायला नकोत का? तुझ्या बायकोच्या करारात तिच्यासाठी आहेत ते. मुलीसाठी नाहीत. मी विचारून झालं."

हे ऐकताना केतकी पेटीला हात लावून उभी होती. तिला डॉक्टरबाईंच्या पायावर डोकं आपटावंसं वाटत होतं आणि त्यांचा गळाही धरावासा वाटत होता. तुम्ही मला तेव्हा थोबाडीत का मारली नाहीत, असं ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं.

दुपारी परिचारिका बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला आली. विश्वजीतनं पाय धरला होता. नळी भरली, सुई निघाली, आणि टाचेवरचा उरलेला थेंब ओघळून त्याच्या बोटावर आला. पटघरात एक रीत आहे. बोटावरचा थेंब कधी कपड्याला पुसायचा नाही, पत्त्याला लावायचा. रक्त वाया घालवलं की पुढचा डाव हातचा जातो म्हणतात. खेळ सोडून सहा वर्षं झाली तरी हाताला ते माहीत होतं. पत्त्यांची पिशवी खांद्याला होतीच. त्यानं विचार न करता सगळ्यात वरच्या पत्त्यावर बोट टेकवलं.

शरभ उजळला. केतकीच्या रक्तानं कोल्हापुरात उजळला होता, तसाच लख्ख.

आणि विश्वजीतला आनंद झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही. काळजातून, एका क्षणापुरता, बापाला मुलीचा व्हावा तसा अभिमान त्याला वाटला. मग समोर पेटीत ती पुन्हा खोकायला लागली, आणि आईनं लेकीला काय दिलं होतं ते त्याच्या हातात उजेडासारखं स्पष्ट दिसत होतं. त्यानं पत्ता उपडा केला. पण बाहेर काचेपलीकडे दोन-तीन माणसं उभी होती आणि त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांतलं कुणीतरी फोनवर चित्रण करत होतं.

संध्याकाळपर्यंत कंपनीचा माणूस आला. राजहंस त्याचं नाव. वाईट माणूस नव्हता, आल्या आल्या त्यानं चपला बाहेर काढल्या आणि बाळाच्या तब्येतीची चौकशी केली.

"आईचे प्रतिपिंड आहेत ते, चार-सहा महिन्यांत ओसरतील," तो म्हणाला. "पण लोकांनी चित्रण पाहिलंय. पाळण्यातला खेळाडू. आमच्या साहेबांना एकच गोष्ट मोलाची वाटते. मोठ्या खेळाडूत आम्हाला जुनं काढून नवं बसवावं लागतं. इथं सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत. अशी जागा आम्हाला आजवर कधी मिळालेली नाही."

"बारा वर्षांखाली पत्त्याची लस देता येत नाही," डॉ. बागवान म्हणाल्या. "कायदा आहे."

"जीव वाचवण्याच्या उपचाराचा भाग म्हणून, आईबापांच्या संमतीनं देता येते, मॅडम." ते कलम कायद्यात कुणी घालून घेतलं असेल, हे सांगायला नको. "कोऱ्या रक्ताचे प्रतिपिंड मी बरोबरच आणलेत. खाली गाडीत आहेत. आज पहिली मात्रा, पुढं लागतील तेवढ्या. त्याच्या जोडीला आजच आमचा पहिला संच."

केतकीनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "संच दिला तर काय होईल? सोपं करून सांगा."

"आज वाचेल," डॉ. बागवान म्हणाल्या. "बहुतेक वाचेल. पण इतक्या लहान मगजात तो संच गेला की खोल्या भरतील, आणि त्या पेशी जन्मभर हलणार नाहीत. नंतर मी गोवराची लस दिली, घटसर्पाची दिली, कशाचीही दिली, तरी ती मुक्कामाला राहणार नाही. उसने प्रतिपिंड महिनाभर टिकतात. कंपनी देईल तोवर ठीक. पण कुठलाही रोग तिच्या अंगाला पहिल्यांदाच भेटेल. दर वेळी पहिल्यांदाच."

"आणि नाही दिला तर?"

डॉक्टरबाईंनी पेटीकडे पाहिलं. बाळ खोकून दमलं होतं आणि आता खोकायचंही बंद झालं होतं, छाती तेवढी आत ओढली जात होती.

"विशू," केतकी म्हणाली, "या वेळी तू 'तू ठरव' म्हणू नकोस."

"नाही म्हणत," तो म्हणाला. "देऊ या. सही करू."

दोघांनी सही केली. तुम्ही काय केलं असतं, हे विचारण्यात काही अर्थ नाही. मीही केली असती. राजहंसनं खाली फोन केला, प्रतिपिंड वर आले, एका मांडीत ते गेले आणि दुसऱ्या मांडीत संच. तिसऱ्या दिवशी बाळाचे ओठ गुलाबी झाले. आठवडाभरानं तिनं दूध ओढलं. डॉ. बागवानांना इतक्या वर्षांत एखादा रोगी बरा होताना पाहून एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

बारसं कंपनीनं केलं, दोन महिन्यांनी, नव्या घरात. नावही कंपनीनंच सुचवलं होतं. पुढच्या हंगामाचा मुख्य पत्ता उल्का, म्हणून मुलगी उल्का. नाव गोड आहे, असं सगळे म्हणाले. बाळ मात्र तिथं नव्हतं. ते आतल्या खोलीत होतं, जिथली हवा गाळून येते, आणि जिथं जायचं तर अंघोळ करून, कपडे बदलून, बाहेरच्या लहान खोलीत एक तास एकटं बसावं लागतं. गेल्या महिन्यात हे एकदा चुकलं होतं, साधी सर्दी आत गेली होती, आणि पंधरा दिवस दवाखान्यात काढावे लागले होते.

पाळणा तरी हलवायला हवाच. बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. रीतीप्रमाणे झबलं घातलेला वरवंटा पाळण्याखालून, वरून फिरला. मग बाळाची पाळी आली तेव्हा क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि कंपनीच्या बाईनं दुपट्यात गुंडाळलेला पत्ता सुमनकाकूंच्या हातात दिला. सुमनकाकूंनी तो खालून पलीकडे दिला, पलीकडच्या बाईनं वरून अलीकडे. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. पत्ता पाळण्यात ठेवला गेला. विश्वजीतच्या बहिणीनं, बाळाच्या आत्यानं, वाकून त्या पत्त्यापाशी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीवर धपाटे पडले, लोक हसले, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

केतकी डॉ. बागवानांजवळ आली. "मॅडम, तिला चारचौघांत कधी नेता येईल? खरं सांगा. शाळेत जायच्या वेळेपर्यंत?"

डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांना उत्तर माहीत होतं आणि ते देता आलं नाही. केतकीला त्यातच ते कळलं.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. उल्का झोपेतून उठली होती. आत ठेवलेली बाई, आत जायच्या आधी तासभर बसवलेली, तिला उचलून घेत असणार, पण रडणं थांबेना. आईचं दूध हवं असेल. केतकी दारापर्यंत गेली, आणि विश्वजीतनं मागून तिचा दंड धरला.

"चारचौघांत बसलीयस तू सकाळपासून. अंघोळ, मग तास. आत्ता नाही जाता यायचं."

"माहितीय," ती म्हणाली.

तिनं कपाळ दाराला टेकवलं. मागं बायका घुगऱ्यांच्या पुड्या बांधत होत्या, कुणीतरी खोकत होतं. आतलं रडणं वाढत गेलं. केतकी दाराला तोंड लावून "आले गं, आले गं बाळा, आलेच" म्हणत राहिली, आणि दार उघडायला तिनं हात लावला नाही.